डोंगर चढताना, डोंगर उतरताना : एका ख्रिस्ती कुटुंबाची भटकंती



'मंडळी' या शब्दापासूनच सुरुवात करू. व्याख्यानाला जमलेले तुम्ही सगळे, ती मंडळी. जुन्या वळणाचे लोक बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करायचे. आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय. दर रविवारी उपासनेला एकत्र येतो तो. आजचं बोलणं या तिन्ही अर्थांच्या मंडळींबद्दल आहे. फरक एवढाच, की बसायला खुर्च्या नाहीत, कातळ आहे.

आम्ही दोघं नगरचे. एक जण शाळेत शिकवतो, एक जण बँकेत आहे. गेली चौदा वर्षं, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हापासून, महिन्यातून एकदा आम्ही चौघं अकोले तालुक्याच्या डोंगरांत जातो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचा परिसर. आम्ही गिर्यारोहक नाही. आमच्या नावावर एकही अवघड सुळका नाही. संयोजकांनी विषय दिला 'निसर्गभ्रमण आणि श्रद्धा'. आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञान सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही चालताना जे प्रश्न पडले ते सांगू. समोर सर्व धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही लोक बसले आहेत, म्हणून बायबलमधले संदर्भ जरा उलगडून सांगावे लागतील. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हौस कुठून आली?

आमच्या आजीला आम्ही ट्रेकला जातो हे कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "डोंगरात चालायचे पैसे पडलेत का तुम्हाला?" तिचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचा इतिहास गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून सुरू होतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरमध्ये १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला, मग शतक संपता संपता आणखी एक. त्या पिढ्यांनी डोंगर पाहिला तो सरपणासाठी, पाण्यासाठी, मजुरीला परगावी जाताना. आमचे पणजोबा गावोगावच्या शाळांतून शिकवायला पायी जायचे. चालणं ही त्यांची हौस नव्हती, नोकरी होती. तेव्हा आज आपण बूट घालून, सॅक पाठीवर टाकून 'मजेसाठी' चढतो, ही चैन आहे, हे आजीने आम्हाला विसरू दिलं नाही.

पण त्याच वेळी दुसरीही एक परंपरा आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची. नावातच पर्यटन आहे! एक तरुण जोडपं प्रवास करतं आणि वाटेत विधवांची दुःखं पाहतं, अशी ती गोष्ट. म्हणजे बघा, प्रवासाला निघायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि पाहिलेल्याचा आपल्या श्रद्धेशी हिशेब लावायचा, हे मराठी ख्रिस्ती लेखनात पहिल्यापासून आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. ते नगरलाच शिकवत होते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, आणि रानातलं फूलही सोडलं नाही. आम्ही स्वतःला त्या वाटेवरचे मागून येणारे समजतो.

बायबलमध्ये इतके डोंगर का?

बायबल उघडलं की पावलोपावली डोंगर लागतात. मोशेला आज्ञा मिळतात त्या सीनाय पर्वतावर. येशूचं सगळ्यात प्रसिद्ध प्रवचन डोंगरावरचं. तो प्रार्थनेला एकटा जातो तोही डोंगरावर. पण या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे, ती नीट लक्षात घेतली पाहिजे. बायबलमध्ये डोंगर पवित्र ठरतो तो तिथे देव भेटला म्हणून. डोंगर स्वतः देव नाही.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या गीतांच्या ग्रंथात, १२० ते १३४ अशी पंधरा स्तोत्रं यरुशलेमच्या वारीची म्हणून ओळखली जातात. वारी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. यरीहो हे गाव समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे आणि यरुशलेम सुमारे ७५० मीटर उंचीवर. म्हणजे पंचवीसएक किलोमीटरमध्ये हजार मीटरची चढण, तीही उघड्या बोडक्या डोंगरांतून. लहान मुलं, म्हातारी माणसं, गाढवं, शिधा, सगळं घेऊन. आपल्या आळंदी-पंढरपूरच्या वारकऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. त्यांतलं १२१ वं स्तोत्र डोंगरांकडे पाहून सुरू होतं आणि विचारतं, मला मदत कुठून येणार? उत्तर मिळतं ते डोंगराकडून नाही, डोंगर ज्याने घडवला त्याच्याकडून. आमच्या मते श्रद्धावान माणसाच्या भटकंतीची पहिली शिस्त हीच. डोंगरावर भरभरून प्रेम करावं, पण त्याच्याकडे तो देऊ शकत नाही ते मागू नये.

आणि कौटुंबिक सहलीचा सगळ्यात खरा किस्साही बायबलमध्येच आहे. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमहून परतताना मागे राहिला. आईबापांना वाटलं असेल कुठेतरी जत्थ्यात, आणि ते चक्क एक दिवस चालत गेले! सापडला तो तीन दिवसांनी. आमच्या घरात त्या दिवसापासून नियम आहे : प्रत्येक ओढ्यापाशी मुंडकी मोजायची. मरियेचं पोर चुकू शकतं, तर आपलं काय!

रविवारचा प्रश्न

आता जरा अवघड विषय. नोकरी करणाऱ्याला सुट्टी रविवारी, ट्रेक रविवारी आणि उपासनाही रविवारीच. सुरुवातीला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "काय हो, तुमचा देव डोंगरावर राहायला गेला का?" आम्हाला राग आला नाही, कारण प्रश्न रास्त होता. "आम्हाला निसर्गातच देव भेटतो, चर्चची गरज काय" असं म्हणणं सोपं आहे. पण झाडाला आपल्याशी पटवून घ्यावं लागत नाही. झाड आपल्याकडे उसने पैसे मागत नाही, सभेत उलटं बोलत नाही. मंडळीत माणसं असतात, आणि न पटणाऱ्या माणसांसोबत एका बाकावर बसणं हाही श्रद्धेचाच अभ्यास आहे. तो डोंगरावर होत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की शक्यतो शुक्रवारी रात्री निघायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत. महिन्यातून एकदाच. जमलं नाही आणि रविवार डोंगरात गेला, तर सकाळी पंधरा मिनिटं बसून उपासना करायची : एक गीत, एक उतारा, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना.

पण शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा खरा अर्थ आम्हाला वेगळ्याच ठिकाणी उमगला. मोशेच्या आज्ञेत विश्रांती एकट्या घरमालकाला नाही. दासदासींना आहे, परक्याला आहे, बैलाला आणि गाढवालाही आहे. आता बघा, आपण शहरातले लोक शनिवार-रविवार 'आराम करायला' पायथ्याच्या गावात जातो. तिथल्या घरची बाई पहाटे चारला उठून आपल्यासाठी भाकरी थापते, रात्री अकराला शेवटच्या ग्रुपची ताटं उचलते. आपली विश्रांती म्हणजे तिची दुप्पट मजुरी. मग हा शब्बाथ झाला का? आम्ही उत्तर काढलं ते साधं आहे. जेवण आधी कळवायचं, वेळेवर पोचायचं, आपली ताटं आपण घासायची, पैशात घासाघीस करायची नाही. आणि रात्री साडेनऊनंतर त्या घरात कुणाला हाक मारायची नाही.

देऊळ आणि प्रसाद

सह्याद्रीत चालायचं म्हणजे प्रत्येक माथ्यावर देऊळ. कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी देवीचं छोटं मंदिर आहे. हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव मंदिर आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. गार पाण्यात मोठी पिंड आणि भोवती चार खांब, त्यांतला एकच शाबूत. लोक म्हणतात चार युगांचे चार खांब, शेवटचा पडला की जग बुडेल. गावातला वाटाड्या ही कथा आमच्या मुलांना रंगवून सांगतो, आणि मुलं कान टवकारून ऐकतात.

ख्रिस्ती माणसाने इथे काय करायचं? एकच देव मानायचा आणि मूर्तीची पूजा करायची नाही, हे आमच्या श्रद्धेत स्पष्ट आहे. पण आदर दाखवू नये असं कुठेही नाही. म्हणून चपला बाहेर काढतो, आवाज खाली ठेवतो, कुणाची पूजा चालू असेल तर बाजूला थांबतो. हात जोडण्याचं नाटक करत नाही. आपल्याला न वाटणारी गोष्ट केल्याचा देखावा करणं हा त्या देवळाचाही अपमानच आहे.

खरा पेच प्रसादाचा. म्हातारी आजीबाई प्रेमाने हातावर खोबरं-साखर ठेवते. घ्यायची की नाही? हा प्रश्न आमचाच नाही, दोन हजार वर्षं जुना आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी पौलाला हेच विचारलं होतं : देवळात अर्पण केलेलं अन्न खावं का? पौलाचं उत्तर दोन बाजूंचं आहे. अन्नात काही दोष नाही, बाजारातलं शंका न काढता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण ते मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, किंवा तुमच्या खाण्याने दुसऱ्या कुणाचं मन डळमळत असेल, तर त्या माणसाखातर सोडा. आणि मूर्तिपूजेत सहभागी होऊ नका, हेही तो बजावतो.

खरं सांगायचं तर आमच्या दोघांतच यावर एकमत नाही. एक जण घेतो आणि आभार मानतो, कारण त्याच्या लेखी ती एका माणसाने दुसऱ्याला दिलेली माया आहे. दुसरी व्यक्ती नम्रपणे "आजी, आम्ही ख्रिस्ती आहोत, तुमचा आशीर्वाद पुरे" असं म्हणते. चौदा वर्षांत एकाही आजीबाईने याचं वाईट वाटून घेतलेलं नाही. एकीने तर विचारलं, "मंग भाकर चालती का?" भाकर चालते! मुलं दोन्ही रीती पाहत मोठी झाली. त्यांना कळलं की एकाच घरात, एकाच श्रद्धेत, दोन प्रामाणिक उत्तरं असू शकतात.

कड्याचं वय

मुलगा अकरा वर्षांचा असताना कोकणकड्यापाशी त्याने प्रश्न टाकला. "शब्बाथशाळेत सांगतात देवाने सहा दिवसांत जग केलं. शाळेत सांगतात हा दगड सहा कोटी वर्षांचा. मी परीक्षेत काय लिहू?"

आधी दगडाबद्दल सांगू. सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि एकावर एक थर बसत गेले. कड्याकडे नीट पाहिलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतात, ते हे थर. भूगर्भशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो. एक थर निवला, त्याच्यावर हवापाण्याचा परिणाम होऊन माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. म्हणजे कड्यातच लिहिलंय, की हे एका झटक्यात झालेलं नाही, मध्ये मोठमोठ्या विश्रांती आहेत.

मग उत्पत्तीच्या पुस्तकाचं काय? आम्ही मुलाला सांगितलं, ते पुस्तक पुन्हा वाच. सूर्य कितव्या दिवशी झाला? चौथ्या. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? हा प्रश्न आजच्या शास्त्रज्ञांनी काढलेला नाही. संत ऑगस्टीनला सोळाशे वर्षांपूर्वी तो पडला होता. उत्पत्तीवरच्या भाष्यात त्याने ख्रिस्ती लोकांना बजावलं आहे, की पृथ्वी-आकाशाबद्दल जाणकारांसमोर अडाण्यासारखं बोलू नका. जे त्यांना डोळ्यांनी दिसतंय त्याबद्दलच तुम्ही चुकीचं बोललात, तर पुनरुत्थानाबद्दल तुमच्यावर ते विश्वास का ठेवतील?

दुसरं उदाहरण जॉर्ज लमेत्र यांचं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे, आणि १९३१ मध्ये त्याच्या सुरुवातीबद्दल 'आदिम अणू'ची कल्पना देणारे हे बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते. पण १९५१ मध्ये पोपनी हा सिद्धांत बायबलच्या निर्मितीकथेला दुजोरा देणारा असल्यासारखं बोलून दाखवलं, ते लमेत्र यांना रुचलं नाही. त्यांच्या मते विज्ञानाचं काम विज्ञानाने करावं, त्याच्या खांद्यावर श्रद्धेची बंदूक ठेवू नये.

तर मुलाला उत्तर मिळालं ते असं : परीक्षेत सहा कोटी साठ लाख लिही, कारण ते मोजून काढलेलं आहे. आणि उत्पत्तीचं पहिलं पान वाचताना विचार, की हे जग कुणाचं, चांगलं की वाईट, आणि त्यात माझी जबाबदारी काय. खडक 'कधी' ते सांगतो, ते पान 'कुणाचं' ते सांगतं. सगळेच ख्रिस्ती असं मानत नाहीत, हेही त्याला सांगितलं. सहा दिवस अक्षरशः मानणारे लोक आमच्याच नात्यात आहेत आणि त्यांच्या घरी आम्ही जेवतोही. पण मुलाला श्रद्धा आणि शाळा यांत एकच निवड असं सांगितलं, तर आज ना उद्या तो श्रद्धा सोडेल किंवा डोकं वापरणं सोडेल. दोन्ही आम्हाला परवडणारं नव्हतं.

मागे फिरणं

हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून जायचं तर तोलार खिंड लागते. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे, आणि खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे, तिथे रेलिंग लावलंय. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही तिथे पोचलो तेव्हा कातळावरून पाणी वाहत होतं, धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. आमचे दोन नियम ठरलेले असतात. पहिला, दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परत. दुसरा, चौघांपैकी एक जण जरी 'नको' म्हणाला, तरी परत. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. मुलगा म्हणाला, "नको." आम्ही फिरलो.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती तिथेच भडकली. "सकाळी प्रार्थना केली होती ना, सुरक्षित ने म्हणून? मग देवावर विश्वास नाही का तुमचा?"

हा प्रश्न वरवरचा नाही. श्रद्धा म्हणजे धोका पत्करणं, अशी एक समजूत धार्मिक लोकांत असतेच. पण येशूच्या मोहाची गोष्ट आठवा. सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंच आहे. सैतान इथे शास्त्रवचनच म्हणून दाखवतो, तेही स्तोत्रांतलं! आणि येशू नकार देतो. का? देवाची परीक्षा पाहायची नाही म्हणून. विश्वास ठेवणं वेगळं आणि देवाला कड्यावर उभं करून 'आता दाखव' म्हणणं वेगळं. प्रार्थना केल्यावर दोर, घड्याळ आणि अक्कल घरी ठेवायची नसते. मुलाच्या तोंडून आलेला 'नको' हेच सकाळच्या प्रार्थनेचं उत्तर नव्हतं कशावरून?

खाली उतरल्यावर भिजलेल्या कपड्यांत चहा पिताना आम्ही तिला मोशेची शेवटची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं लोकांना चालवत आणलं, आणि शेवटी नबो डोंगरावरून त्याला वचनदत्त देश नुसता दाखवला गेला. आत जाता आलं नाही. म्हणून कुणी मोशेला अपयशी म्हणत नाही. ती म्हणाली, "पण मला तर दिसलंही नाही काही, सगळं धुकंच होतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही हसलो आणि दुसरा चहा मागवला.

एलीया झुडपाखाली

एप्रिल २०२१ मध्ये आमचे दादा, म्हणजे मुलांचे आजोबा, करोनाने गेले. मुलांना पहिल्यांदा डोंगराची वाट दाखवली ती त्यांनीच. करवंद कुठलं गोड, कुठलं पाणी पिण्याजोगं, पावशा ओरडला की काय समजायचं, हे सगळं त्यांचं. दफनाला नात्यातली मोजकीच माणसं उभी राहू शकली. गीत म्हणायलाही मास्क. त्यानंतर मुलीने घरच्या प्रार्थनेत बोलणं बंद केलं. बसायची, पण तिची पाळी आली की गप्प. एकदाच म्हणाली, "एकवीस दिवस मागत होतो आपण. काय मिळालं?"

आम्ही तिला समजावलं नाही. अशा वेळी देवाची वकिली करणारे पुष्कळ येतात. ईयोबाचे मित्रही तेच करत होते, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. त्याऐवजी आम्ही त्या दिवसांत एलीयाची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली. संदेष्टा एलीया जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. ताजी भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा भाकर देतो, कारण वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे. मग तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगरावर जातो. तिथे वादळ येतं, भूकंप होतो, आग येते. देव त्या कशातच नसतो. शेवटी एक अगदी मंद, शांत आवाज येतो.

गोष्टीतला क्रम पाहा. आधी भाकर, मग झोप, मग चालणं, आणि बोलणं सगळ्यात शेवटी. आम्ही तोच क्रम धरला. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर पुन्हा डोंगरात गेलो. सोनकीची पिवळी फुलं अजून होती. माथ्यावर मुलगी म्हणाली, "मला प्रार्थना करायची नाहीये, मला नुसतं बसायचंय." मग चौघं नुसते बसलो. तासभर तरी.

आता तुम्हाला वाटेल, पुढे आम्ही सांगणार की डोंगराने तिची श्रद्धा परत दिली. तसं नाही. ती आज वीस वर्षांची आहे. कधी उपासनेला येते, कधी येत नाही. तिचे प्रश्न तिच्यापाशी आहेत. पण ती डोंगरात येते, आणि आमच्याशी बोलते. एलीयाच्या गोष्टीत त्या शांत आवाजानंतरही एलीया पुन्हा तीच तक्रार करतो, शब्दन् शब्द तीच. देव त्याला गप्प करत नाही. त्याला काम देतो आणि सांगतो, तू एकटा नाहीस. आईबाप म्हणून आम्हालाही एवढंच करता येण्यासारखं आहे.

इंद्रवज्र

शेवटची गोष्ट. एका सप्टेंबरात सकाळी आम्ही कोकणकड्यावर उभे होतो. पाठीमागे ऊन, समोर दरीत ढग. आणि ढगावर गोल इंद्रधनुष्य, त्यात माणसाची सावली. याला इंद्रवज्र म्हणतात. ढगातल्या अतिसूक्ष्म थेंबांवरून प्रकाश आल्या दिशेने मागे फिरतो, म्हणून ते दिसतं. मुलगा ओरडला, "माझ्या डोक्याभोवती आहे!" मुलगी म्हणाली, "नाही, माझ्या!" दोघंही बरोबर होते. प्रत्येकाला ते वलय फक्त स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याची सावली दिसते, पण त्याचं वलय आपल्याला दिसत नाही.

धर्माच्या बाबतीत आपलं हेच होतं. प्रत्येकाला तेजोवलय आपल्याच डोक्याभोवती दिसतं, आणि वाटतं शेजारच्याला नाही. तुमची श्रद्धा सोडा असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही सोडलेली नाही. फक्त शेजारच्याला काय दिसतंय ते त्याला विचारावं, एवढंच.

आणि तिथे राहायचंही नसतं. येशू तीन शिष्यांना घेऊन डोंगरावर गेला आणि तिथे त्याचं रूप तेजस्वी झालं. पेत्राला इतकं बरं वाटलं की तो म्हणाला, इथे तीन मंडप घालू. पण येशू त्यांना खाली घेऊन आला. खाली एक बाप आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. डोंगरावरच्या दर्शनाचा कस लागतो तो पायथ्याशी.

*श्रोत्यांतून प्रश्न : घरात लहान मुलं आहेत. सुरुवात कुठून करावी?*

गड नको. गावाजवळची टेकडी घ्या, दोन तासांची. सकाळी लवकर, भाकरी-चटणी बांधून. माथा गाठायचाच असं ठरवू नका, मुलं जिथे थांबतील तिथे थांबा. मुंगळा पाहण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा नाही, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणायचा. मुलांनी प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊ नका. थोडं चालू द्या. आणि आजीआजोबांना चालता येतंय तोवर बरोबर न्या. वाट त्यांना माहीत असते.